जुनी ब्रुअरी विकत घेऊन बंद का करतात, आणि बाटलीतली बिअर तीच राहते का?

तुम्ही विचारलंय की दीडदोनशे वर्षं चाललेली ब्रुअरी एखादी बडी कंपनी घसघशीत किंमत मोजून घेते, दहा-पंधरा वर्षांत तिला कुलूप लावते, तरी त्या नावाची बाटली दुकानात मिळतच राहते. बंदच करायची तर घेतली कशाला? आणि ‘कृती तीच, चव तीच’ हे कंपनीचं म्हणणं खरं मानावं का?

‘ब्रुअरी घेतली’ म्हटलं की डोळ्यांपुढे विटांची इमारत, तांब्याची कढई आणि धुराडं येतं. खरेदीच्या कागदांत या गोष्टींना सगळ्यात कमी भाव असतो. पैसे मोजले जातात ते नावासाठी, त्या नावावर दर वर्षी खपणाऱ्या हेक्टोलिटरसाठी (एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर) आणि ती बिअर जिथे हक्काने जाते त्या पब-दुकानांसाठी. कधीकधी जमिनीसाठी. प्लांट सोबत येतो, आणि बहुतेक वेळा तो खरेदीदाराला नकोच असतो.

ब्रँड आणि प्लांट एकमेकांपासून किती सहज सुटतात, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या रोलिंग रॉकचं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लट्रोब गावच्या काचेचं अस्तर दिलेल्या टाक्यांचा उल्लेख त्या बाटलीवरच छापलेला असायचा. २००६ मध्ये बेल्जियमच्या इनबेव्ह या बिअर कंपनीने हा ब्रँड ८.२ कोटी डॉलरला अमेरिकेच्या अनहॉयझर-बुशला विकला आणि बिअर न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला होऊ लागली. लट्रोबचा प्लांट वेगळाच विकला गेला, तो सिटी ब्रुइंगला, म्हणजे दुसऱ्यांची बिअर कंत्राटावर बनवणाऱ्या कंपनीला. नाव एकीकडे, टाक्या दुसरीकडे, आणि दोन्ही सौदे आपापल्या जागी फायद्याचे.

आता ‘कशाला’चा हिशेब. समजा जुन्या प्लांटची क्षमता वर्षाला ३ लाख हेक्टोलिटर आहे आणि खप उतरून १ लाखावर आलाय. पगार, बॉयलर, डागडुजी, विमा, प्रयोगशाळा, सुरक्षा असा बांधील खर्च वर्षाला ६० लाख पौंड. म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) पहिलं पोतं फोडायच्या आधीच प्रत्येक हेक्टोलिटरवर ६० पौंड चढलेले असतात. खरेदीदाराचा मोठा प्लांट १० लाख हेक्टोलिटर क्षमतेचा असेल आणि ८५ टक्केच भरत असेल, तर हा १ लाख तिथे बांधील खर्च जवळजवळ न वाढवता बसतो. माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), वाफ, वीज, बाटल्या आणि थोड्या जादा पाळ्या, एवढाच काय तो भार. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण गणिताची मांडणी सगळीकडे हीच असते. त्यावर पाण्याचा खर्च वेगळा. जुना प्लांट एक हेक्टोलिटर बिअरमागे ६ ते ७ हेक्टोलिटर पाणी सहज खातो, नवा तीनच्या आसपास भागवतो, आणि बिअरमध्ये न जाणारं बरंचसं पाणी शहराच्या गटारात सोडण्याचे पैसे द्यावे लागतात.

म्हणून ‘तोट्यात होती म्हणून बंद केली’ हे निवेदन अर्धंच खरं असतं. ब्रुअरी स्वतःपुरती नफ्यात असली तरी बंद होऊ शकते, कारण तुलना तिच्या कालच्या ताळेबंदाशी होत नाही, शेजारच्या प्लांटमध्ये तीच बिअर कितीला पडेल याच्याशी होते. दोन प्लांटमध्ये मिळून रिकामी क्षमता आहे हे कळलं की तो आकडा कोणीतरी मांडतोच.

ब्रिटनमधली गोष्ट कायद्याशिवाय समजत नाही. तिथे ब्रुअरीच्या मालकीचे पब असत आणि त्या पबमध्ये मालकाचीच बिअर विकली जाई. त्यामुळे लहान ब्रुअरी घेणं म्हणजे तिचे पब घेणं. विकत घेतलेल्या पबमध्ये आपली बिअर लावली की तिथली ब्रुअरी आपोआप रिकामी पडायची. १९८९ च्या ‘बिअर ऑर्डर्स’नी २,००० पेक्षा जास्त पब असलेल्या ब्रुअरांना जादाच्या निम्म्या पबवरचं हे बंधन सोडायला लावलं. हेतू होता मक्तेदारी मोडण्याचा. झालं असं की मोठ्या कंपन्यांनी एक तर पब ठेवून बिअर सोडली, नाही तर बिअर ठेवून पब सोडले. व्हिटब्रेड या बड्या ब्रुअरने १९८९ मध्ये मँचेस्टरच्या बॉडिंग्टन्सची बिअर आणि स्ट्रेंजवेजची ब्रुअरी ५.०७ कोटी पौंडांना घेतली, जाहिरातींच्या जोरावर तो ब्रँड देशभर नेला, आणि २००० मध्ये बिअरचा अख्खा धंदाच बेल्जियमच्या इंटरब्रूला विकून टाकला. १७७८ पासूनची स्ट्रेंजवेज २००५ च्या सुरुवातीला थांबली. ब्रँड देशभर गेला हेच तिच्या मुळावर आलं. देशभर खपणारी बिअर मँचेस्टरच्याच पाण्याची असावी असा आग्रह धरणारं गिऱ्हाईक आता मूठभर होतं.

जमिनीचं उदाहरण लंडनचं. वँड्सवर्थच्या रॅम ब्रुअरीच्या जागी १५८१ पासून बिअर बनत असल्याच्या नोंदी आहेत. ती यंग्ज या तिच्या मालक कंपनीने २००६ मध्ये स्वतःहून बंद केली, बिअर बेडफर्डला तिथल्या चार्ल्स वेल्स या ब्रुअरबरोबरच्या भागीदारीत नेली, आणि जागा ६.९ कोटी पौंडांना विकली. कोणी बाहेरचा येऊन गळा दाबला असं इथे झालं नाही. शहराच्या मधोमध ट्रक वळवायला जागा नसलेल्या प्लांटखालची जमीन त्या प्लांटच्या कित्येक वर्षांच्या नफ्यापेक्षा महाग झाली होती. पुढे २०१७ मध्ये वेल्सचा बिअरचा धंदा बेडफर्डच्या प्लांटसकट मार्स्टन्स या दुसऱ्या ब्रिटिश ब्रुअरकडे गेला आणि २०२२ मध्ये तो प्लांट स्पेनच्या दाम या बिअर कंपनीला विकला गेला. बिअर एकदा मूळ जागेवरून हलली की तिचं बिऱ्हाड पाठीवरच, हे इथे दिसतं.

सान फ्रान्सिस्कोच्या अँकरची गोष्ट पुन्हा वेगळी. १८९६ ची ब्रुअरी, १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी बंद पडता पडता घेतली आणि सावरली. जपानच्या सप्पोरो या बिअर कंपनीने ती २०१७ मध्ये घेतली, २०२३ च्या जुलैमध्ये बंदची घोषणा केली. मधे २०२२ मध्ये त्याच सप्पोरोने अमेरिकेतली स्टोन ब्रुइंग घेतली, आणि उद्देश उघड होता: सप्पोरोची स्वतःची बिअर अमेरिकेतच बनवायला मोठे, नवे प्लांट हवे होते. अँकरची बिअर उथळ, पसरट, उघड्या टाक्यांत आंबायची. कॅनमधली लागर (थंड तापमानात आंबवलेली हलकी बिअर) लाखो हेक्टोलिटरने काढायला त्या टाक्यांचा काडीचा उपयोग नव्हता. खरेदीदाराची स्वतःची बिअर जुन्या प्लांटमध्ये बनवता येत नसेल, तर त्या प्लांटला आपल्या एकट्या ब्रँडच्या खपावरच जगावं लागतं. अँकरचा खप घसरला तेव्हा टेकू द्यायला दुसरी बिअर नव्हती. कोणती ब्रुअरी धोक्यात आहे हे ओळखताना मी हा मुद्दा सगळ्यात वर ठेवतो.

थोडक्यात, निकाल चार गोष्टींवर ठरतो: खरेदीदाराकडे रिकामी क्षमता किती, जुन्या प्लांटमध्ये त्याची बिअर बसते का, जमीन कुठे आहे, आणि बिअर हलवता येण्यासारखी आहे का. चौथी गोष्ट म्हणजेच तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझं रोजचं काम तेच: एका प्लांटची बिअर दुसऱ्यावर बसवणं.

‘कृती तीच’ हे वाक्य सहसा खोटं नसतं. माल्टचं प्रमाण, हॉप्सची जात, यीस्ट (माल्टचा गोड रस आंबवणारे सूक्ष्म जीव), तापमान हे सगळं कागदावर तसंच जातं. अडचण ही की चवीचा मोठा भाग कागदावर नसतो, भांड्यात असतो.

पाण्याचं त्यातल्या त्यात सोपं. ‘तिथलं पाणीच वेगळं’ हा लोकांचा लाडका मुद्दा आहे, पण पाण्याचं रसायन हवं तसं जुळवता येतं. हेक्टोलिटरला ४३ ग्रॅम जिप्सम टाकलं की लिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २४० मिलिग्रॅम सल्फेट वाढतं. मऊ पाण्याचं बर्टन या इंग्लंडमधल्या बिअरच्या गावासारखं कडक (जास्त क्षारांचं) पाणी करायची ही युक्ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. पाण्यामुळे चव बिघडली असं कोणी सांगितलं तर मी आधी टाक्यांकडे बघतो.

टाक्यांचं कारण असं. जुन्या ब्रिटिश ब्रुअरीत आंबवण्याची टाकी उघडी आणि दोनेक मीटर खोल. मोठ्या प्लांटमधली टाकी बंद, तळाशी शंकूसारखी निमुळती, आणि आतली बिअर पंधरा मीटर उंच. एवढ्या उंचीच्या द्रवामुळे तळाशी दीड बारचा (हवेच्या दाबाच्या सुमारे दीडपट) जादा दाब पडतो आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वाढतो. यीस्टला तो सोसत नाही, फळांचा वास देणारी एस्टर कमी तयार होतात. तेच यीस्ट, तोच माल्ट, तेच २० अंश सेल्सियस, पण बिअर सपाट. भरपाई म्हणून कोणी तापमान वाढवतो, कोणी सुरुवातीचा ऑक्सिजन कमी करतो. एस्टर वर येतात, पण त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं. केळ्याचा वास जमला तर सफरचंदाचा निसटतो.

यीस्टची पुढची भानगड वेळ घेऊन दिसते. उघड्या टाकीत यीस्ट वर तरंगतं आणि वरून काढून पुढच्या बॅचला घालतात. शंकूच्या टाकीत ते तळाला बसतं आणि खालून काढतात. म्हणजे दर वेळी लवकर खाली बसणाऱ्या पेशींचीच निवड होते. पहिल्या तीन-चार बॅचमध्ये काही जाणवत नाही, दहाव्या-बाराव्या पिढीला बिअर वेगळी वागू लागते. मूळ यीस्ट दोन-तीन जातींचं मिश्रण असेल तर आणखी बिकट, कारण जातींचं प्रमाणच बदलतं. उपाय माहीत आहे, यीस्ट मूळ नमुन्यातून वारंवार ताजं वाढवणं, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो, आणि बदलीनंतर दोन वर्षांनी खर्चाची कात्री पहिली तिथेच चालते.

तिसरी गोष्ट दाट बिअर बनवून पाणी मिसळण्याची. मोठे प्लांट १६ अंश प्लेटोचा (प्लेटो हे रसाच्या दाटपणाचं, मुख्यतः साखरेचं शेकडा माप) रस आंबवतात आणि भरायच्या आधी ११ वर आणतात. १०० हेक्टोलिटरचे सुमारे १४५ होतात. यासाठीचं पाणी हवा काढलेलं लागतं, विरघळलेला ऑक्सिजन अब्जाला २० भागांच्या आत, नाहीतर बिअर महिन्या-दोन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. पाणी मिसळणं ही फसवणूक नाही, पण दाट रसात यीस्ट प्रमाणाबाहेर जास्त एस्टर काढतं आणि पातळ केल्यावर फेसाचं प्रथिनही कमी पडतं. हलक्या लागरला हे खपून जातं. ३.८ टक्के अल्कोहोलच्या कास्क एलमध्ये (पबमधल्या पिंपातच मुरणाऱ्या ब्रिटिश बिअरमध्ये) मात्र लपायला जागाच नसते.

आता ‘चव तीच असल्याचं चाचणीत सिद्ध झालं’ या वाक्याबद्दल. चाचणी अशी असते: चाखणाऱ्याला तीन पेले देतात, दोन सारखे, एक वेगळा, आणि वेगळा कोणता ते विचारतात. २४ जणांत नुसत्या अंदाजाने ८ बरोबर येतील. १३ किंवा जास्त बरोबर आले तर फरक आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणतात. १२ आले तर कंपनी लिहिते, ‘फरक आढळला नाही.’ फरक सिद्ध झाला नाही आणि बिअर सारखी आहे, ही दोन वेगळी विधानं आहेत. सारखेपणा दाखवायचा तर चाखणारे याच्या दुप्पट-तिप्पट हवेत, आणि त्यांतले काही रोज तीच बिअर पिणारे हवेत.

त्याहून मोठा घोटाळा नंतर होतो. जुना प्लांट बंद झाला की तुलनेला मूळ बिअरच उरत नाही. बिअर शिळी होते, तिचा नमुना कपाटात जपता येत नाही. मग नवी बॅच गेल्या महिन्याच्या बॅचशी ताडून बघतात. प्रत्येक पाऊल इतकं बारीक की चाचणीत पकडलं जात नाही, आणि तीस पावलांनंतर बिअर शेजारच्या गल्लीत पोचलेली असते. म्हणून दोन्ही प्लांट निदान सहा महिने एकत्र चालवावेत, नव्याची बिअर जुन्यात आधी १० टक्के, मग २५, मग ५० अशी मिसळत न्यावी, आणि प्रत्येक टप्प्याला नुसते चाखणारे न ठेवता एस्टर, कडवटपणा, रंग, फेस यांचे आकडे नोंदवून ठेवावेत. ते आकडेच पुढे मूळ बिअरची जागा घेतात. व्यवहारात सहा महिन्यांचे सहा आठवडे होतात, कारण दोन प्लांटचा पगार एकदम द्यायला कोणी तयार नसतो.

चव जमली नाही तर कंपनी मागे फिरते का? क्वचित. इनबेव्हने २००५ मध्ये बेल्जियममधली हूखार्डन गावची ब्रुअरी बंद करून तिथली गव्हाची बिअर जुपील इथल्या आपल्या मोठ्या प्लांटला न्यायचं जाहीर केलं. जुपीलला तीच चव काढणं जड जातंय अशी चर्चा तेव्हा होती, गावाचा विरोध होताच, आणि २००७ मध्ये निर्णय फिरवला. बिअर हूखार्डनलाच राहिली. बेल्जियममध्येच रोसलारे गावच्या रोडनबाख या आंबट बिअरच्या ब्रुअरीचं आणखी बरं झालं. १९९८ मध्ये ती पाल्म या दुसऱ्या ब्रुअरीकडे गेली, पुढे २०१६ मध्ये पाल्मसकट नेदरलँड्सच्या कंपनीकडे, पण तिचे शेकडो उभे ओक पिंप आणि त्यांच्या लाकडात राहणारे जीवाणू-यीस्ट उचलून नेणं शक्य नव्हतं. आंबटपणा तिथेच तयार होतो.

यावरून ‘हलवता न येणारी ब्रुअरी टिकते’ असा नियम काढायचा मोह होतो. तो बर्टनला मोडतो. मार्स्टन्सकडे ‘बर्टन युनियन’ होती: ओकची पिंपं ओळीने आडवी, प्रत्येकाच्या वर बदकाच्या मानेसारखी वाकलेली नळी, आंबताना फसफसून वर येणारं यीस्ट त्या नळीतून माथ्यावरच्या पन्हळीत पडतं, बिअर परत खाली उतरते. मार्स्टन्सची पेडिग्री ही बिअर त्यात आंबायची. पिंपांची डागडुजी करायला कसबी कूपर (लाकडी पिंपांचा कारागीर) लागतो. २०२४ च्या सुरुवातीला कार्ल्सबर्ग मार्स्टन्सने युनियन बंद केली. त्यांनी ती हलवलीच नाही, पेडिग्री तिच्याविना बनवायची ठरवलं. भांडं चवीला आवश्यक आहे की नाही, हेही शेवटी मालकच ठरवतो.

भौगोलिक नावाचा कायदा (ठरावीक ठिकाणी बनलेल्या मालालाच ते नाव लावू देणारा) तरी वाचवेल का, असंही तुम्ही विचारलंय. इंग्लंडच्या न्यूकॅसल ब्राउन एल या बिअरला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण २००० साली मिळालं होतं, न्यूकॅसल शहरातच बनली पाहिजे अशा अटीसह. २००५ मध्ये कंपनीने न्यूकॅसलमधली टाइन ब्रुअरी बंद करून बिअर नदीपलीकडे गेट्सहेडला नेली. नदी ओलांडल्यामुळे अट मोडली, तेव्हा कंपनीने स्वतःच अर्ज करून संरक्षण रद्द करून घेतलं. मागणारा आणि सोडणारा एकच असला की अशा कवचाला अर्थ उरत नाही. जिथे अर्ज अनेक उत्पादकांच्या संघटनेचा असतो तिथेच ते टिकतं.

एखाद्या ब्रुअरीवर तुमचं लक्ष असेल तर इमारतीवरच्या पाटीपेक्षा फाटकातून काय बाहेर पडतं ते बघा. बाटल्या-पिंपांऐवजी टँकर निघू लागले तर भरणी (बाटल्या-पिंपं भरण्याचं काम) दुसरीकडे गेली, आणि भरणी गेली की उरलेला प्लांट जाणं हा वेळेचाच प्रश्न. ‘लवचिकतेसाठी’ तीच बिअर दुसऱ्या प्लांटवरही बनवतोय असं जाहीर झालं, तर चव जुळवायचं काम सुरू झालंय असं समजा. यीस्ट मुख्यालयाच्या प्रयोगशाळेतून यायला लागणं हे तिसरं लक्षण. औपचारिक घोषणा फार उशिरा येते: ब्रिटनमध्ये एका ठिकाणी १०० किंवा जास्त लोक काढायचे तर ४५ दिवस आधी सल्लामसलत, अमेरिकेत मोठ्या प्लांटला ६० दिवसांची नोटीस. तेवढ्यात निर्णय फिरत नसतो.

बंद झालेली बिअर परत आणता येते का, तर हाती काय उरलंय त्यावर आहे. ब्रँडचं नाव परत मिळणं सगळ्यात कठीण, कारण ते वापरायचं नसलं तरी प्रतिस्पर्ध्याच्या हाती कोणी देत नाही. अँकरच्या बाबतीत नाव, कृती आणि भांडी एकत्र राहिली म्हणून २०२४ मध्ये चोबानी या अमेरिकी दही कंपनीचे संस्थापक हमदी उलुकाया यांना ती सगळी एकरकमी घेता आली. बर्टन युनियनचा एक संच त्याच वर्षी इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीकडे गेला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीच्या गॅरेट ऑलिव्हर यांनी मध्ये पडून तो मिळवून दिला, आणि आता त्यात थॉर्नब्रिजची स्वतःची बिअर आंबते. भांडं वाचलं, पेडिग्री त्यात परतली नाही.

कोणाच्या हातात शेवटच्या आठवड्यांत काही असेलच, तर कृतीच्या कागदाआधी बॅचच्या वह्या वाचवाव्यात. कृतीत ‘२० अंश’ एवढंच असतं. वहीत कुठल्या टाकीला तिसऱ्या दिवशी थंड पाणी सोडलं, यीस्ट कितव्या तासाला काढलं, उन्हाळ्यात काय बदललं हे सगळं असतं. त्यानंतर यीस्ट. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहात ते ठेवता येतं. तिथे पाठवताना शुद्ध केलेली एक जात पाठवू नका, चालू टाकीच्या माथ्यावरून काढलेलं जसंच्या तसं पाठवा, आणि नळीवर टाकीचा क्रमांक आणि कितवी पिढी हेही लिहा.